पानशेतच्या पुरानंतरचे मन

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की नारायण पेठेत तीन प्रकारची माणसे दिसतात. पहिली छत्री घेऊन नदीकाठी जातात आणि भिडे पूल पाण्याखाली गेला का, ते बघून येतात. दुसरी टीव्ही आणि मोबाईल सोडत नाहीत. मघाशी किती क्युसेक होते, आता किती झाले, हेच दिवसभर. तिसरी म्हणतात, "काही होत नाही हो, दर वर्षीचंच आहे!" ही तिसरी मंडळी संख्येने सर्वांत जास्त.

गंमत सोडली तर या तिघांच्याही मनात थोडीफार भीती असते. प्रत्येकाने ती सांभाळायची आपापली रीत शोधलेली असते. हल्ली ही भीती नदीपुरती राहिलेली नाही. उन्हाळा वाढला, पाऊस वेळापत्रक पाळेना, हवा खराब झाली. कॉलेजातली मुले विचारतात, "आम्ही पन्नाशीला येऊ तेव्हा काय उरलं असेल?" आई-वडील विचारतात, "डॉक्टर, ही पोरं हवामानाच्या बातम्या बघून रात्री झोपत नाहीत, हा आजार आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण औषधांऐवजी इतिहासाकडे जाऊ. आपल्या आवाक्याबाहेरची, कधी कधी जगभर पसरलेली संकटे या शहराने याआधीही झेलली आहेत. तेव्हा माणसांच्या मनाने काय केले, त्यातले काय उपयोगी पडले आणि काय अंगाशी आले, हे पाहिले तर आजच्या काळजीचे काय करायचे ते बरेचसे कळते.

दुष्काळ : कारण समुद्रात, झळ दख्खनमध्ये

१८७६ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. त्यानंतरचा दुष्काळ १८७८ पर्यंत रेंगाळला. त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातही भीषण दुष्काळ पडला होता. प्रशांत महासागराचे पाणी तापले की जगभरचे पाऊसपाणी बिघडते. याला आपण आज 'एल निनो' म्हणतो आणि त्या दुष्काळामागे एक अतिशय तीव्र एल निनो होता, असे शास्त्रज्ञ सांगतात. तेव्हाच्या पुणेकराला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला दिसत होते ते रिकामे आभाळ आणि गावाकडून पायी येणारी उपाशी माणसे.

अशा वेळी दैवाला दोष देऊन बसणे सर्वांत सोपे होते. पण पुण्यात दोन वेगळी कामे झाली. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडत राहिले. दुसरीकडे जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवून दुष्काळात होरपळलेल्या मुलांना जेवू घातले.

यांपैकी कोणालाही पाऊस पाडता येत नव्हता. एकाने नेमके काय चालले आहे ते समजून घेतले, दुसऱ्याने समोरच्या मुलाच्या ताटात भाकरी वाढली. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

प्लेग : भीतीत भरवसा तुटला तर

वीस वर्षांनी प्लेग आला. हाँगकाँगमध्ये १८९४ साली भडकलेली ही साथ जहाजांबरोबर मुंबई बंदरात उतरली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगास यांनी तिचे निदान केले. काही आठवड्यांत ती पुण्यात पोचली आणि १८९७ च्या सुरुवातीला शहरात थैमान सुरू झाले.

साथ रोखण्यासाठी सरकारने रँड यांच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांकडून घरोघर झडत्या सुरू केल्या. रुग्ण शोधणे, त्यांना वेगळे ठेवणे, घरे रिकामी करणे ही सगळी पावले वैद्यकीयदृष्ट्या अनाठायी नव्हती. पण ज्या पद्धतीने ती उचलली गेली, त्यात घराची, बायकामाणसांची, देवघराची पत्रास ठेवली गेली नाही. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसे लपवू लागले. दवाखान्यात नेले की माणूस परत येत नाही, तिथे मुद्दाम मारतात, अशा अफवा पसरल्या. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे.

मानसशास्त्राच्या नजरेने पाहिले तर इथे भीतीवर आणखी एक ओझे पडले होते : अपमानाचे आणि अविश्वासाचे. घाबरलेल्या माणसाला 'कोणी तरी आपल्या बाजूचे आहे' हे कळणे फार गरजेचे असते. लोकमान्य टिळक साथीत पुणे सोडून गेले नाहीत. हिंदूंसाठी वेगळा प्लेग दवाखाना उभारला गेला, त्यात त्यांचा पुढाकार होता. लोक तिथे जायला तयार झाले, कारण तिथली माणसे ओळखीची होती. सावित्रीबाईंनी रुग्णांची सेवा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच आजाराने त्यांचा मृत्यू झाला.

प्लेग नंतरही अनेक वर्षे थंडीच्या सुमारास परत येत राहिला. लोक गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहू लागले, साथ ओसरली की घरी परतू लागले. पहिल्या वर्षी ज्यामुळे दंगा झाला, तेच घर सोडणे पुढे अंगवळणी पडले. फरक एवढाच की आता माणसे स्वतःहून, शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर बाहेर पडत होती. तीच कृती, पण मनावरचा ताण वेगळा.

१२ जुलै १९६१

आता नारायण पेठेच्या दाराशी आलेल्या संकटाकडे वळू.

आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. काम पूर्ण व्हायच्या आतच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीपाशी बांधकाम खचू लागले, भराव बसू लागला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून भिंत तगवून धरली. त्यामुळे धरण रात्री झोपेत न फुटता १२ जुलैच्या सकाळी फुटले. काही तासांची ती उसंत मिळाली नसती तर किती माणसे गेली असती, याची कल्पनाच करवत नाही.

तो लोंढा खडकवासल्यात शिरला आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेली तिथली दगडी भिंतही काही तासांत फुटली. मुठेचे पाणी पात्र सोडून पेठांत घुसले. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा या नदीलगतच्या पेठांत आणि पलीकडे डेक्कनच्या बाजूला पाणी चढत गेले. पांढऱ्या मातीच्या भिंतींचे जुने वाडे पाण्यात उभे राहिले, भिजले आणि बसले. संध्याकाळनंतर पाणी ओसरले, तेव्हा गल्ल्यांत चिखल, मेलेली जनावरे आणि घरांचे ढिगारे होते. सुमारे हजार माणसे गेली असावीत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. खडकवासल्याचे धरण गेल्यामुळे पुरात बुडालेल्या शहरात प्यायला पाणी नव्हते. बंद पडलेल्या वाड्यांतल्या विहिरी पुन्हा उपसाव्या लागल्या.

त्या दिवसाच्या आठवणी सांगणारे बहुतेक जण एक गोष्ट हमखास सांगतात. अधिकृत इशारा सगळ्यांपर्यंत वेळेत आणि नीट पोचला नव्हता. पण कोणी तरी धावत आले, दार ठोठावले आणि ओरडले, "पाणी आलं, पळा!" धाक्ट्या-थोरल्यांना ओढत, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन माणसे पर्वतीच्या बाजूला, उंचावर गेली. मोठ्या संकटात पहिला मदतनीस सहसा शेजारीच असतो. हे पुढे जगभरच्या आपत्तींच्या अभ्यासांतही वारंवार दिसून आले.

ज्याला नाव नव्हते असा त्रास

१९६१ साली अशा आघातानंतरच्या मानसिक त्रासाला आजच्यासारखे नाव नव्हते. 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', म्हणजे आघातानंतरचा तणाव विकार, हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आले ते १९८० साली. समुपदेशक, हेल्पलाइन, मदत छावणीतले मानसोपचारतज्ज्ञ यांतले काहीच तेव्हाच्या पूरग्रस्तांना मिळण्यासारखे नव्हते. 'धसका घेतला', 'हाय खाल्ली', 'मन उडालं' असे शब्द मात्र आपल्या भाषेत होते आणि ते पुरेसे नेमके होते.

धसका म्हणजे काय होते, ते थोडक्यात पाहू. जिवावरचा प्रसंग आला की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग सगळी सूत्रे हाती घेतो. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, विचार बाजूला पडतो आणि पाय पळू लागतात. हे जीव वाचवण्यासाठीच असते. प्रसंग संपल्यावर बहुतेकांची ही घंटा काही आठवड्यांत शांत होते. काहींची होत नाही. मग पावसाचा जोर वाढला, पाण्याचा विशिष्ट आवाज आला, ओल्या मातीचा वास आला, की शरीर पुन्हा त्याच दिवसात जाते. घरातल्या एखाद्या आजी मोठ्या पावसात रात्रभर जाग्या राहत असतील, कागदपत्रांची पिशवी उशाशी घेत असतील, तर तो हट्ट नसतो. त्यांच्या शरीराने एक धडा पाठ केलेला असतो.

उपचार नसतानाही बहुसंख्य पुणेकर पुन्हा उभे राहिले. कशाच्या जोरावर?

पहिली गोष्ट म्हणजे हाताला काम. चिखल उपसणे, भांडी-कपडे शोधणे, धान्य वाळवणे, रेशनच्या आणि मदतीच्या रांगेत उभे राहणे. आपण काही तरी करू शकतो ही जाणीव असहायतेवरचा फार जुना उतारा आहे.

दुसरी, पुढचे चित्र दिसणे. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने पुनर्वसनाची धुरा स. गो. बर्वे या धडाडीच्या अधिकाऱ्यावर सोपवली. बर्वे आधी पुणे महापालिकेत काम केलेले आणि शहराला ओळखीचे. तात्पुरत्या निवाऱ्यांपाठोपाठ नव्या वसाहतींच्या आखण्या झाल्या. गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांची घरे आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. 'आपले घर कुठे असणार' याचे उत्तर मिळाले की मन निम्मे स्थिर होते.

तिसरी, एक सांगता येणारी गोष्ट. पुण्यात कित्येक वर्षे काळ मोजला गेला तो 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' असा. 'ते कागद ना, ते पानशेतमध्ये गेले,' हे वाक्य शेकडो घरांत ऐकू यायचे. दुःखाला नाव आणि जागा मिळाली. ते एकट्याचे राहिले नाही. शेजारी, नातेवाईक, दुकानदार, सगळ्यांकडे त्याच गोष्टीचा आपापला तुकडा होता.

चौथी गोष्ट अवघड होती : जबाबदारीचा प्रश्न. पाऊस निसर्गाचा, पण धरण माणसाचे. माणसाच्या चुकीने आलेले संकट मनाला जास्त काळ सलते, कारण 'हे टळू शकले असते' हा विचार पाठ सोडत नाही. चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती बावडेकर यांचे काम अपुरे असतानाच निधन झाले, पुढे न्यायमूर्ती नाईक यांनी ते काम केले. चौकशीने गेलेले माणूस परत येत नाही हे खरे. पण काय घडले ते स्पष्टपणे मांडले जाणे हाही दुःखातून बाहेर येण्याचा एक भाग असतो.

अशाच आणखी एका पुराचा धडा

पानशेतनंतर अकरा वर्षांनी, २६ फेब्रुवारी १९७२ रोजी, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बफेलो क्रीक नावाच्या दरीत कोळसा खाणीचा बांध फुटला. १२५ माणसे गेली, हजारो बेघर झाली. या पुरातून वाचलेल्यांच्या मनाचा अभ्यास पुढे कित्येक वर्षे चालला. समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. बेघरांना तात्पुरती घरे मिळाली, पण कोण कोणाचा शेजारी होता ते पाहिले गेले नाही. त्यामुळे पुराने घरे नेली आणि पुनर्वसनाने शेजार नेला. माणसे छपराखाली होती, तरी एकटी पडली होती. चौदा वर्षांनंतर केलेल्या तपासणीतही वाचलेल्यांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडे जास्त लोक आघाताच्या विकाराने त्रस्त होते.

पुण्यातही वाड्यातली बिऱ्हाडे पांगली. ज्यांना जुन्या ओळखीपाळखीसह सोसायटी करून राहता आले, त्यांना निदान सोबत तरी टिकवता आली. ज्यांची पांगापांग झाली, त्यांना चौक, मारुती, गणपती, पाणवठा, ओट्यावरच्या गप्पा हे सगळे नव्याने जमवावे लागले. पर्यावरणाच्या संकटात आपण छप्पर, पाणी, विजेचा हिशेब मांडतो. शेजार हाही आरोग्याच्या हिशेबात धरायला हवा, हे या दोन पुरांनी शिकवले.

शांत झालेले मन, विसरलेली नदी

इथवरची कहाणी धीर देणारी आहे. पण तिला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पूर्ण होणार नाही.

मन सावरते ते काही अंशी विसरून. ही निसर्गाची देणगीच आहे, नाही तर जगणे अशक्य झाले असते. पण एक पिढी सावरते, दुसरी ऐकून असते, तिसरीला १२ जुलैच्या वर्तमानपत्रातला एक जुना फोटो दिसतो. धरणे पुन्हा बांधली गेली. नदी वर्षातले दहा महिने एखाद्या ओढ्यासारखी वाहू लागली. तिच्या पात्रात रस्ता आला, गाड्या उभ्या राहू लागल्या, काठावर इमारती सरकत गेल्या. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपले घर त्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे घर घेताना किती जण विचारतात?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याने सहकारनगर–अरण्येश्वर भागात हाहाकार उडवला. पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक बळी गेले. एका पुरातून उठलेल्या माणसांसाठी जे उपनगर वसले होते, त्याच परिसरात दुसरा पूर आला. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे घरांत पाणी शिरले. दोन्ही वेळी कित्येकांचे पहिले वाक्य एकच होते, "इथं असं होईल असं वाटलंच नव्हतं."

तेव्हा मन शांत असणे आणि माणूस सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्याचा रक्तदाब कदाचित उत्तम असेल. पण त्याचे तळघर, त्याची गाडी आणि त्याची आई यांना त्या शांततेचा काहीच उपयोग नाही. उलट, रात्रंदिवस बातम्या बघणाऱ्याला धोका कळलेला असतो, पण तो इतका दमतो की वेळ आल्यावर त्याच्या हातून काही होत नाही.

आजची काळजी आजार आहे का?

नाही. हवामान बदलाची काळजी वाटणे हा आजार नाही. ती खऱ्या परिस्थितीला मनाने दिलेली प्रतिक्रिया आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे 'पूर्वी असा पाऊस नव्हता' हे आजोबांचे म्हणणे निव्वळ वयाचे लक्षण नाही.

आणि ही काळजी एकट्यादुकट्याची नाही. २०२१ साली भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ५९ टक्के तरुणांना हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटत होती. ४५ टक्के जणांनी सांगितले, की या भावनांचा आपल्या रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो.

मग या काळजीचे करायचे काय? मानसशास्त्रज्ञ लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ साली ताण पेलण्याच्या दोन मुख्य रीती सांगितल्या : प्रश्न सोडवायला लागणे आणि मनातल्या भावना आवरणे. पण दुष्काळ, साथ किंवा तापणारी पृथ्वी अशा प्रश्नांत अडचण अशी, की एकट्याने कितीही धडपड केली तरी प्रश्न सुटत नाही आणि नुसते मन आवरले तर तो वाढतो. स्वीडनमधल्या संशोधक मारिया ओयाला यांनी शाळकरी मुलांचा अभ्यास केला. जी मुले नुसती प्रश्न सोडवण्याच्या मागे लागली होती, त्यांना उदास आणि चिंतित वाटण्याचे प्रमाण जास्त दिसले. 'एवढं काही गंभीर नाही' असे म्हणणारी मुले पर्यावरणासाठी कमी काही करत होती. तिसऱ्या प्रकारची मुले मात्र काम करत होती आणि खचलेलीही नव्हती. त्यांना प्रश्न गंभीर आहे हे मान्य होते. पण आपल्यासारखे इतर अनेक जण झटत आहेत, त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो आणि आपल्या वाट्याच्या कामाला अर्थ आहे, असे त्यांना वाटत होते.

वर सांगितलेली दुष्काळातली जोडी आठवा. एकाने माहिती गोळा केली, दुसऱ्याने ताट वाढले. सगळा दुष्काळ कोणीच खांद्यावर घेतला नव्हता.

आपण काय करू शकतो?

काळजी जायला हवी असा हट्ट धरू नका. तिला आटोक्यात ठेवा आणि कामाला लावा.

* बातम्यांना वेळ ठरवून द्या. पावसाळ्यात सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. प्रत्यक्ष इशारा असेल तेव्हा प्रशासनाची अधिकृत सूचना पाहा. सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकललेला आवाज किंवा जुना व्हिडिओ खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका.

* आपली पूररेषा माहीत करून घ्या. १९६१ चे पाणी आपल्या गल्लीत कुठवर आले होते, हे जुन्या रहिवाशांना विचारा. नेमकी माहिती असली की मोघम भीती कमी होते.

* इमारतीची यादी करा. कोण एकटे राहते, कोणाला जिना उतरता येत नाही, कोण ऑक्सिजनवर किंवा डायलिसिसवर आहे, कोणाची इन्सुलिन फ्रिजमध्ये असते. अशा घरांची दारे कोणी ठोठावायची ते आधीच ठरवा.

* एक पिशवी तयार ठेवा. महत्त्वाची कागदपत्रे, आठवडाभराची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, टॉर्च, चष्मा. पिशवी भरून झाली की तिचा विचार दिवसभर करायचे कारण उरत नाही.

* मुलांशी खरे बोला. 'तू नको काळजी करूस' म्हटल्याने मूल गप्प होते, शांत होत नाही. त्यांना काय वाटते ते ऐका, जे ठाऊक आहे ते सोप्या शब्दांत सांगा आणि झाड, टेकडी, नदी, कचरा यांपैकी एखाद्या कामात त्यांच्याबरोबर स्वतः सामील व्हा.

* आघात झालेल्या माणसाला बोलायला भाग पाडू नका. आपत्तीनंतर सगळ्यांना एकत्र बसवून लगेच अनुभव सांगायला लावण्याची पद्धत उपयोगी नाही, काहींना तिचा त्रासच होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. चहा, कोरडे कपडे, फोन लावून देणे, सोबत बसणे हे आधी. बोलावेसे वाटले की माणूस बोलतो.

डॉक्टरांकडे कधी यावे?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, पावसाच्या आवाजाने छातीत धडधड आणि घाम येत असेल, जुना प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे घडत असेल, कामात आणि जेवणात मन लागत नसेल, दारूचे प्रमाण वाढले असेल, तर 'सगळ्यांनाच होतं' म्हणून अंगावर काढू नका. आज यावर चांगले उपचार आहेत : बोलण्यातून केले जाणारे, आणि गरज पडल्यास औषधांचे. जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते.

१९६१ च्या पूरग्रस्तांना यातले काही मिळाले नव्हते. त्यांच्याकडे शेजार होता, काम होते आणि एकमेकांना सांगायला गोष्ट होती. तो पूर पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. आपल्या इमारतीत अशा एखाद्या आजी किंवा आजोबा असतील, तर येत्या पावसाळ्याआधी त्यांच्याकडे जाऊन पाणी कुठवर आले होते ते विचारा, आणि त्यांची इच्छा असेल तर बाकीचेही ऐका. त्यांचे मन थोडे हलके होईल. आणि इमारतीच्या यादीत पहिले नाव त्यांचेच लिहा.